गरम झालं की बंद, थंड झालं की चालू : देवबागच्या एका १५ एचपी आउटबोर्डची पूर्ण केस

मालवणजवळच्या देवबागला माझ्या मामांची अठरा फुटी फायबरची होडी आहे आणि तिच्या मागे १५ एचपीचं आउटबोर्ड मशीन आहे, दोन सिलिंडर, टू स्ट्रोक, २४६ सीसी, दोरी ओढून चालू करायचं, बॅटरी वगैरे काही नाही. २००४ मध्ये सेकंडहँड घेतलेलं, म्हणजे मशीनचं वय विशीच्या बरंच पुढे गेलंय. गेल्या दसऱ्यापासून त्याला एकच तक्रार लागली होती, थंड असताना एका ओढीत चालू होणार, खाडीतून सुसाट जाणार, आणि दहा-बारा मिनिटं फुल रेसवर पळालं की बंद. मग कितीही दोरी ओढा, ढिम्म हलत नाही. वीस-पंचवीस मिनिटं गप बसून राहिलं की परत एका ओढीत चालू.

ज्यांनी देवबाग बघितलंय त्यांना ही तक्रार किती वाईट आहे ते लगेच कळेल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी, टोकाला संगम आणि पलीकडे भोगवे. मासेमारीला बाहेर पडायचं तर त्या तोंडातूनच जावं लागतं, तिथं वाळू सरकत असते, उथळ जागी लाटा फुटतात आणि ओहोटीला पाणी जोरात बाहेर ओढतं. आता मामांच्या घरापासून तोंडापर्यंत होडीला लागतात दहा-बारा मिनिटं, म्हणजे मशीन बंद पडायची वेळ आणि होडी लाटांत पोचायची वेळ एकच. दोनदा त्यांनी आणि त्यांच्या जोडीदाराने वल्ही मारून होडी कशीबशी बाजूला काढली, तिसऱ्या वेळी आडवी लाट आत आली आणि जाळी वाहून गेली. त्या रात्री मामींचा फोन आला, "तू ये नि काय ता बघ, नायतर मी तेंका आता समुद्रात सोडूचंय नाय."

मी रत्नागिरीला असतो, बोटींच्या इंजिनांचंच काम करतो. शनिवारी पहाटे निघालो आणि दुपारी देवबागला पोचलो.

माझ्या आधी तिघांनी हात लावला होता. तिघंही कष्टाळू माणसं आहेत, मुद्दाम कुणी फसवलेलं नाही हे आधीच सांगतो. पहिल्याने प्लग बदलले. दुसऱ्याने कार्बोरेटर उतरवून साफ केला, नवीन किट टाकलं. तिसऱ्याने सीडीआय बॉक्स, म्हणजे ठरल्या वेळी स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलला आणि त्यात मामांचे सगळ्यात जास्त पैसे गेले. प्रत्येकाने काम झाल्यावर मशीन पाण्याच्या पिंपात लावून पाच मिनिटं चालवून दाखवलं, छान चाललं, मामा घरी घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी खाडीत परत तेच.

इथेच मला पहिली गोष्ट खटकली. पिंपात मशीन चालवणं म्हणजे ते चालू होतं आणि पाणी फेकतं एवढंच बघणं. पिंपात पंख्याला लोड नसतो, फुल रेस देता येत नाही, आणि पाच मिनिटांत मशीन धड तापतही नाही. आयडलला, म्हणजे रेस न देता, पेट्रोल अगदी थोडं लागतं, पण हेच १५ एचपीचं टू स्ट्रोक फुल रेसवर तासाला सहा-सात लिटर पितं, म्हणजे मिनिटाला शंभर मिलीच्या वर. पाइपात अडथळा असेल, कुठली कॉइल गरम होऊन मरत असेल, पाणी पुरेसं फिरत नसेल, यातलं काहीच पिंपात दिसणार नाही. आजार बारा मिनिटांनी येतो आणि तपासणी पाच मिनिटांत संपते, मग सापडणार कसा?

मी कव्हर उघडायच्या आधी मामांना घेऊन पडवीत बसलो आणि फक्त विचारत राहिलो. बंद पडायच्या आधी आवाज बदलतो का? मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून येत असते का? भरती-ओहोटीचा, लाटांचा, टाकी किती भरलीय त्याचा काही संबंध दिसतो का? बंद पडताना नेमकं कसं बंद पडतं, गुदमरून की फटकन? मामा जरा विचारात पडले, मग म्हणाले, "कधी खोकत खोकत बंद पडता, नि कधी दिवो विझता तसा."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. मशीन खोकत, दम लागल्यासारखं मरत असेल तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडतंय. दिवा विझल्यासारखं मरत असेल तर बहुतेक वेळा स्पार्क गेलाय. एकाच मशीनला दोन्ही तऱ्हा होत असतील तर आजार एक नाही, दोन आहेत. आणि दोन आजार एकत्र असले की प्रत्येक मिस्त्री अर्धा बरोबर असतो, त्याने केलेल्या कामाने थोडा फरकही पडतो, पण मशीन काही बरं होत नाही.

संध्याकाळी घरीच नेहमीच्या गोष्टी तपासून घेतल्या. कॉम्प्रेशन वरच्या सिलिंडरला १०८ पीएसआय, खालच्याला १०४, या वयाला एकदम मस्त, म्हणजे पिस्टन आणि रिंग शाबूत. गिअर ऑइल थोडंसं काढून बघितलं, दुधाळ नव्हतं, म्हणजे खालच्या सीलमधून पाणी शिरलेलं नाही. प्लग दोन्ही तपकिरी, कोरडे. मशीन थंड असताना स्पार्क दोन्हीकडे निळा आणि जाड. फ्लायव्हील म्हणजे मशीनच्या डोक्यावर फिरणारं जड चाक, त्याच्याखालच्या चार्जिंग कॉइलचा, म्हणजे स्पार्कसाठी वीज बनवणाऱ्या कॉइलचा, मल्टिमीटरने रेझिस्टन्स घेतला, कनेक्टर कव्हर काढलं की हाताला येतो, फ्लायव्हील काढावं लागत नाही, २८० ओहम आला, या मशीनला तो बरोबर आहे. सगळं ठणठणीत. मामा म्हणाले, बघ, तुझ्यापण हाताला काय लागत नाही. मी म्हटलं, मामा, हे सगळं थंड मशीनचं झालं, उद्या आपण ते आजारी पडेपर्यंत पळवूया आणि आजारी असतानाच नाडी बघूया.

रविवारी सकाळी भरती पूर्ण व्हायच्या थोडं आधी खाडीत निघालो, तोंडापासून लांब, आतल्या बाजूला, जिथं बंद पडलं तरी नांगर टाकून बसता येईल. बरोबर काय घेतलं ते सांगतो कारण ही केस त्याच वस्तूंनी सुटली. एक जास्तीची पेट्रोल टाकी, तिला नवीन पाइप आणि नवीन बल्ब, म्हणजे पाइपावरचा हाताने दाबून पेट्रोल चढवायचा रबरी फुगा. दोन बंद काचेचे निऑन टेस्टर, हे प्लग आणि प्लगकॅपच्या मधे लावायचे, मशीन चालू असताना प्रत्येक स्पार्कला आत दिवा लुकलुकतो. मल्टिमीटर. लांबून तापमान दाखवणारी गन. आणि काळी चिकटपट्टी, कारण ॲल्युमिनियमचा चकचकीत पृष्ठभाग त्या गनला खोटं, कमी तापमान दाखवतो, सिलिंडर हेडवर काळ्या पट्टीचा तुकडा चिकटवून त्यावर गन धरली तर आकडा खरा येतो. निऑन टेस्टर बंद काचेचेच घ्या, होडीत पेट्रोलची वाफ असते, उघड्या स्पार्कचा खेळ तिथं अजिबात करायचा नाही. कव्हर काढून मशीन चालवायचं होतं म्हणून शर्टाच्या बाह्या वर बांधल्या, मामांना लुंगीचा सोगा खोचायला लावला आणि किल स्विचची दोरी त्यांच्या मनगटाला अडकवली.

पहिली फेरी जुन्या टाकीवर आणि जुन्या पाइपावर. मी मागे वाकून दोन्ही टेस्टरवर हाताची सावली धरून बसलो, उन्हात नाहीतर ते दिवे दिसत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच मशीनने दम टाकला, परत सावरलं, परत टाकला. नवव्या मिनिटाला खोकायला लागलं, रेस उतरत गेली आणि बंद पडलं. दोन्ही दिवे मशीनचा शेवटचा फेरा संपेपर्यंत लुकलुकत होते. म्हणजे स्पार्क शेवटपर्यंत होता, मशीन उपाशी मेलं. मी लगेच पाइपावरचा रबरी बल्ब बघितला तर तो आत ओढला जाऊन चपटा झालेला, चोखलेल्या आंब्याच्या कोयीसारखा.

या बल्बकडे कुणी बघत नाही पण तो बरंच काही सांगतो. बंद पडताना बल्ब घट्ट, भरलेला असेल तर अडचण बल्बच्या पुढे आहे, म्हणजे फिल्टर, पेट्रोल पंप, कार्बोरेटर. मऊ पडला असेल आणि दाबून घट्ट होत नसेल तर कुठून तरी हवा शिरतेय किंवा त्याच्या आतला व्हॉल्व्ह गेलाय. आणि चपटा ओढला गेला असेल तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला. मी टाकीचं झाकण सैल केलं, हवा आत ओढल्याचा आवाज आला नाही, बल्ब फुगलाही नाही, म्हणजे झाकणावरचं हवेचं भोक बंद नव्हतं. राहिला टाकीतला नळीचा तुकडा आणि टाकीपासून बल्बपर्यंतचा पाइप.

तो पाइप मी नंतर घरी ब्लेडने उभा चिरला. बाहेरून एकदम धडधाकट, एक चीर नाही. आतून मात्र काळा अस्तर सुटून आलेला, उकडलेल्या बटाट्याची साल सुटते तसा, आणि त्याची एक लांब झालर पाइपात मोकळी लोंबत होती. फुंकर मारली की झालर भिंतीला चिकटते आणि हवा आरपार जाते, म्हणून फुंकून बघणाऱ्याला पाइप साफ वाटतो. मशीनने पेट्रोल ओढलं की तीच झालर उलटी येऊन भोक बंद करते, आणि जेवढं जोरात ओढावं तेवढी घट्ट बसते. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल ई२०, त्यात २० टक्के इथेनॉल, आणि हा पाइप ज्या काळातला आहे तेव्हाच्या पेट्रोलसाठी तो बनवलेला होता. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, फुगवतं, शिवाय हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि समुद्रकाठच्या हवेत ओलाव्याला काय तोटा. जुनी मशीनं वापरणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पाइप बाहेरून चांगला दिसतो म्हणून ठेवू नका, आताच्या पेट्रोलला चालणारा नवीन पाइप घ्या, त्याची किंमत एका वाहून गेलेल्या जाळ्यापुढे काहीच नाही.

मामांना वाटलं सापडलं, चला घरी. मला तसं वाटत नव्हतं, आणि का ते सांगतो. पाइपाचा हा आजार घड्याळ लावून येत नाही. बल्ब, पाइप आणि कार्बोरेटरची वाटी यातलं सगळं पेट्रोल धरलं तरी फुल रेसवर ते फार टिकत नाही, झालर आडवी आली की थोड्याच वेळात मशीन खोकायला लागणार, कधी दुसऱ्या मिनिटाला, कधी आठव्या. आणि थांबलं की ओढ संपते, झालर मोकळी होते, मशीन लगेच चालू व्हायला पाहिजे. मग बारा मिनिटांचा हिशोब आणि वीस मिनिटांची विश्रांती कुठून आली? त्याचा मालक दुसराच कुणीतरी होता.

दुसरी फेरी, माझी टाकी, नवीन पाइप, नवीन बल्ब. मशीन आता असं पळालं की मामांचा चेहरा उजळला, एकदाही दम टाकला नाही. मी दर दोन मिनिटांनी हेडवरच्या काळ्या पट्टीवर गन धरत होतो आणि आकडे वहीत लिहीत होतो, ५२, ६१, ७०, ७७, ८४. हे आकडे वाढतच का चाललेत ते मला तेव्हाच टोचत होतं कारण मागच्या भोकातून पाण्याची धार अगदी जोरात येत होती. ८८ लिहिलं आणि तेराव्या मिनिटाला दोन्ही दिवे एकदम गेले. मशीन अजून फिरत होतं, फ्लायव्हील डोळ्यांसमोर गरगरत होतं, पण दिवे विझलेले. नंतर दोन-तीन सेकंदांत मशीन गप झालं. बल्ब दाबला, दगडासारखा घट्ट.

नांगर टाकला.

दोन्ही सिलिंडरचा स्पार्क एकाच क्षणी गेला म्हणजे दोघांना सामायिक असलेलं काहीतरी गेलं. या मशीनमध्ये एकच इग्निशन कॉइल आहे, तिच्यातून दोन वायरी निघून दोन्ही प्लगला जातात, आणि तिच्या मागे सीडीआय बॉक्स, त्याच्या मागे फ्लायव्हीलखालच्या कॉइल, आणि बाजूला किल स्विच. सगळ्यात आधी किल स्विचची वायर सोडवली, कारण खारं पाणी शिरून तो स्विच आतल्या आत बॉडीला लागला तर स्पार्क जातो आणि लोक भलतंच काहीतरी बदलत बसतात. दोरी ओढली, दिवे नाहीत. स्विच निर्दोष. मग चार्जिंग कॉइलचा कनेक्टर सुटा करून मीटर लावला. काल संध्याकाळी इथेच २८० होता. आता स्क्रीनवर ओएल. म्हणजे तार आतून तुटलेली, सर्किटच नाही.

मी मीटरचे क्लिप तसेच ठेवले, मीटर फळीवर ठेवला आणि मामांना म्हटलं, आता आपण दोघं याच्याकडे बघत बसायचं. भरती पुरी झाली होती, पाणी थांबलं होतं, भोगव्याच्या बाजूने पर्यटकांची एक होडी गेली, तिच्यातल्या कुणीतरी मदत पायजे काय म्हणून हात केला, मामांनी नको म्हणून हात हलवला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, ओएल. पंधरा झाली. मामांनी विडी काढली, मी पेट्रोलकडे बोट दाखवलं तशी परत खिशात ठेवली. एकोणिसाव्या मिनिटाला स्क्रीन एकदा थरथरली, १४०० का काहीतरी दिसलं, परत ओएल, परत थरथरली आणि मग ३२०, ३१८, ३१५ असा आकडा स्थिर खाली यायला लागला. मामा जागेवरून उठलेच, होडी हलली, "आकडो इलो! आकडो इलो रे!" कनेक्टर लावला, किल स्विच जोडला, मामांनी दोरी ओढली, एका ओढीत चालू.

गेले तीन-चार महिने जे कुणाला दिसत नव्हतं ते त्या दिवशी आमच्या डोळ्यांसमोर घडलं, कॉइल गरम झाली की आतली तार सुटते आणि थंड झाली की टोकं परत एकमेकांना टेकतात. इथं एक खुलासा करतो, चांगल्या कॉइलचा रेझिस्टन्सही गरम झाल्यावर थोडा वाढतो, तांब्याचा तो स्वभावच आहे, २८०चे ३२० झाले तर घाबरायचं कारण नाही, पण ओएल आला तर कॉइल मेली. तिसऱ्या मिस्त्रीने स्पार्क जातोय हे बरोबर ओळखलं होतं, फक्त त्याने बॉक्स धरला आणि दोष बॉक्सला वीज पुरवणाऱ्या कॉइलमध्ये होता.

घरी येऊन फ्लायव्हील काढलं. यासाठी पुलरच पाहिजे, म्हणजे बोल्ट आवळून फ्लायव्हील ओढून काढायचं अवजार. क्रँकच्या टोकावर हातोडा घालून फ्लायव्हील सोडवणारे लोक मी बघितलेत आणि मला ते बघवत नाही, त्याने आटे जातात, मॅग्नेट सुटतात, बेअरिंगला मार बसतो. आमच्याही फ्लायव्हीलने खूप त्रास दिला, पुलर ताणून ठेवून रात्रभर तेल सोडून ठेवलं, सकाळी पुलरचा बोल्ट अजून पाव फेरा आवळला तेव्हा टण्ण आवाज करून सुटलं. चावी बघितली, अर्धचंद्राची छोटी चावी असते, ती जरा जरी कापली गेली असेल तर टायमिंग चुकतं, ती ठीक होती. कॉइल काढली. एका कोपऱ्यात वरच्या लेपाला केसासारखी चीर आणि चिरेतून तांब्याचा हिरवा गंज डोकावत होता. खात्री म्हणून मामेबहिणीचा हेअर ड्रायर मागून घेतला, मीटर लावून कॉइल तापवली, चार-पाच मिनिटांत ओएल, पंख्याखाली ठेवली, परत आकडा. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच.

कॉइल मागवली ती गोव्याहून यायला चार दिवस लागणार होते, आणि ते चार दिवस मला हवेच होते कारण ते ८८ डिग्री डोक्यातून जात नव्हते. जुनी कॉइल झाली म्हणून मेली हे खरं, पण इतकं तापणाऱ्या मशीनमध्ये नवीन कॉइलही किती टिकणार? या मशीनचा थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन तापलं की उघडून पाण्याला वाट देणारा व्हॉल्व्ह, ५० डिग्रीच्या आसपास उघडायला पाहिजे आणि हेड साधारण साठच्या आत राहायला पाहिजे. मग धार एवढी जोरात असून मशीन तापतंय कसं?

धारेबद्दल एक मोठा गैरसमज आहे. लोक धार बघतात आणि म्हणतात कूलिंग ओके. या मशीनमध्ये धारेचं पाणी थर्मोस्टॅटच्या अलीकडूनच बाहेर निघतं, म्हणजे धार फक्त एवढंच सांगते की खालचा पंप पाणी वर पाठवतोय. ते पाणी हेडमधून पूर्ण फिरून बाहेर पडतं की नाही याच्याशी धारेचा संबंध नाही. उलट पुढची वाट तुंबली की धार जास्तच जोरात येते, आणि मामा मला कौतुकाने सांगत होते की या वर्षी धार कशी मस्त येते!

थर्मोस्टॅटचं झाकण उघडणं हे या सगळ्यातलं सर्वात अवघड काम निघालं. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचे बोल्ट आणि वीस वर्षांचं मीठ, ते एकजीव झालेले असतात, जोर लावला की डोकं तुटून हातात येतं. तेल सोडायचं, हॉट एअर गनने बाजूचं ॲल्युमिनियम तापवायचं, आधी बोल्ट सोडायच्या दिशेने नाही तर किंचित आवळायच्या दिशेने हलवायचा, मग सोडायचा, परत आवळायचा, परत तेल. तीन बोल्टना मिळून दोन तास गेले पण तिन्ही सबंध निघाले. आत बघितलं तर थर्मोस्टॅट ओळखू येत नव्हता, सगळीकडे पांढरं दगडासारखं मीठ. तो काढून पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घालून तापवला, ७०पर्यंत नेला, हललासुद्धा नाही. म्हणजे पाणी जेमतेम कडेकडेने झिरपत होतं, म्हणून मशीन जाम झालं नाही एवढंच नशीब.

हे मीठ आलं कुठून तर पावसाळ्यातून, असं माझं मत आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मशीन मांगरात, म्हणजे घराजवळच्या खोपटात, टांगलेलं. बंदीच्या आधी मे महिन्यात मामांच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, प्यायचं पाणी लांबून आणावं लागतं, तिथं मशीन धुवायला दोनशे लिटर गोडं पाणी कोण घालवणार, हे मला समजतं. तरी मामा दोन-दोन मिनिटं पिंपात चालवून धुवायचे. पण दोन मिनिटांत मशीन तापत नाही, तापलं नाही तर थर्मोस्टॅट उघडत नाही, आणि तो उघडला नाही तर गोडं पाणी हेडच्या पुढच्या वाटेत पोचतच नाही. आत राहिलेलं खारं पाणी दोन महिन्यांत सुकतं, मीठ मागे ठेवतं, पुढच्या वर्षी त्यावर अजून एक थर. निदान हंगाम संपताना तरी गोड्या पाण्यात दहा-बारा मिनिटं आयडलला चालवायला पाहिजे, पिंपातलं पाणी कोमट झालं तर बदलून. आता मामांनी घराच्या पन्हळीखाली पिंप लावायचं ठरवलंय, पहिल्या पावसाचं पाणी धरून त्यात मशीन धुणार, ही त्यांची स्वतःची कल्पना आणि मला ती फार आवडली.

वाटा साफ करायला पातळ केलेलं व्हिनेगर वापरलं, अर्धा तास ठेवून गोड्या पाण्याने धुतलं, लाकडाच्या काडीने उकरलं, परत तेच. लोखंडी तार घालायची नाही, ॲल्युमिनियमला ओरखडे गेले की तिथून गंज धरतो. झाकणाला नवीन गॅस्केट, बोल्टना मरीन ग्रीस, नवीन थर्मोस्टॅट. किनाऱ्यावर बरेच लोक थर्मोस्टॅट काढून फेकून देतात, त्यांचं भय मी समजू शकतो, पण मग आयडलला मशीन नेहमी थंड राहतं, पेट्रोल नीट जळत नाही, प्लग ओले आणि काळे होतात, म्हणून मी नवीनच टाकला. खालचा भाग उतरवून इंपेलरही, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र, बदलला, जुन्याची पाती एकाच बाजूला कायमची वाकून बसली होती, अजून काही महिने चालला असता, पण एवढं उघडलंय तर जुना कशाला ठेवायचा.

ऑइलचाही विषय निघाला. मामा मोटरसायकलचं टूटी ऑइल अंदाजे ओतायचे. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल लागतं, आणि या मशीनला ५०ला १, म्हणजे लिटरला २० मिली. कफ सिरपचं मोजायचं टोपण टाकीला दोरीने बांधून दिलं.

गुरुवारी कॉइल आली. नवीन कॉइल थंड असताना २८५. फ्लायव्हीलचा टेपर एकदम कोरडा पुसून, मॅन्युअलमधल्या टॉर्कने नट आवळून मशीन जोडलं आणि शुक्रवारी सकाळी परत खाडीत. कव्हर काढलेलं, दिवे लावलेले, काळी पट्टी तीच. फुल रेस. ४६, ५३, ५६, ५७, ५७. बारावं मिनिट आलं तेव्हा मामा सुकाणूवर हात घट्ट धरून माझ्याकडे बघत होते, काही बोलत नव्हते. तेरा, पंधरा, वीस. चाळीस मिनिटं सलग पळवलं, हेड ५८च्या वर गेलं नाही. मुद्दाम बंद करून लगेच मीटर लावला, ३१५. मग मी मामांचा जुना, काढून टाकलेला सीडीआय बॉक्स जोडला आणि त्यावर अजून वीस मिनिटं पळवलं, तोही उत्तम चालला. तो आता प्लास्टिकच्या डब्यात, जास्तीच्या प्लग आणि पान्याबरोबर, होडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलाय.

परत येताना मामांनी होडी घराकडे वळवलीच नाही. तोंडाकडे घेतली, रेस कमी न करता. मी कव्हर बसवलं आणि फळी धरून बसलो. संगमाजवळ लाटा फुटत होत्या, मामांनी दोन लाटा जाऊ दिल्या, तिसरीच्या पाठीवरून होडी बाहेर काढली, आणि पलीकडे पाणी शांत झाल्यावर एका हाताने मोबाईल काढून मामींना फोन लावला.